बाष्प, वाफ आणि वाफसा

‘बाष्पीभवन’ हा शब्द जड असून तो परिभाषेतून काढून टाकावा, असे मत अधूनमधून मांडले जाते. त्याच्या जागी ‘वाफ होणे’ हा देशी प्रयोग सुचविला जातो. प्रस्तुत लेखकाला ही मांडणी मुळातच सदोष वाटते. कारण ‘वाफ’ हा ‘बाष्प’ ह्या शब्दाचाच प्राकृतातून आलेला वंशज आहे. ‘ष्प’चा ‘प्फ’ होऊन ‘बप्फ’, आणि त्यातून ‘वाफ’. हिंदीत महाप्राणत्व शब्दारंभी सरकून ‘भाप’ झाले, इतकेच.

संस्कृतात ‘बाष्प’ म्हणजे वाफही आणि अश्रूही. प्राकृत वैयाकरणांनी मात्र येथे एक सूक्ष्म भेद नोंदविला आहे. हेमचंद्राच्या नियमानुसार अश्रू ह्या अर्थी ‘बाह’ आणि ऊष्मा ह्या अर्थी ‘बप्फ’ अशी दोन वेगळी रूपे होतात. एका शब्दाचे अर्थानुसार दोन शब्द झाले. मराठीने त्यांतला दुसरा उचलला. अश्रूंसाठी तिला पुन्हा तत्सम ‘बाष्प’कडे, ‘बाष्पगद्गद’ अशा समासाकडे वळावे लागते.

हे दोन अर्थ एकत्र नांदताना पाहायचे तर मेघदूताकडे जावे. पूर्वमेघात रामगिरी दीर्घ विरहानंतर भेटलेल्या मेघाला पाहून उष्ण बाष्प सोडतो. तापलेल्या खडकावर पहिली सर पडताच उठणारी वाफ आणि मित्रभेटीचे अश्रू, दोन्ही तेथे एकाच शब्दात आहेत. मराठी अनुवादकाला ह्यांपैकी एक निवडावे लागते, ही त्याची अडचण खरी आहे. म. म. वा. वि. मिराशी ह्यांनी रामगिरी म्हणजे रामटेक असे प्रतिपादिले. ते मान्य केल्यास हा खडक आपल्या विदर्भातलाच ठरतो. (‘पिपरी मेघे’ ह्या ग्रामनामातील मेघावर मात्र मी व्युत्पत्ती रचणार नाही.)

‘बाष्पीभवन’मधील ‘ई’ हा च्वि प्रत्ययाचा परिणाम होय: जे आधी बाष्प नव्हते ते बाष्प होणे. विद्यार्थी ‘बाष्पिभवन’ असे ऱ्हस्व लिहितात, तेव्हा हा सारा अर्थच पुसला जातो. ‘भवन’ आपोआप होण्याचे, ‘करण’ घडवून आणण्याचे. म्हणून ओले धोतर वाळते ते बाष्पीभवनाने, बाष्पीकरणाने नव्हे. ही सोय ‘वाफ होणे’त नाही. शिवाय ‘वाफ’ म्हणताच चुलीवरचे आधण डोळ्यांपुढे येते. बाष्पीभवन तर कोणत्याही तापमानाला चालू असते.

तथापि वाफ नेहमी कढतच असते असेही नाही. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या परिसरातील काळ्या जमिनीत पावसानंतर लगेच वखर चालत नाही. ‘वाफसा’ यावा लागतो. जादा पाणी निचरून आणि उडून जाऊन माती कामाजोगी होण्याची ही अवस्था. शब्द उघडच ‘वाफे’च्या कुळातला, आणि त्यात आधणाचा मागमूसही नाही. बाष्पीभवन शिकविणाऱ्या अध्यापकाने फळ्यावर प्रथम हा शब्द लिहावा. विद्यार्थ्यांपैकी अनेकांना तो घरूनच ठाऊक असतो.