दीडशे रुपयांचा जीव

‘अगं, दीडशे रुपयांचा पक्षी तो. नवा आणू की!’

हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी बोललेलं असेल. पक्ष्याच्या जागी ससा, गिनीपिग किंवा हॅमस्टर घाला. वाक्य फारसं बदलत नाही. बोलणारी माणसं दुष्ट नसतात. उलट बहुतेकदा ती गॅलरीत चिमण्यांसाठी दाणे टाकणारी, गल्लीतल्या कुत्र्याला पोळी घालणारी असतात. म्हणून तर या वाक्याशी भांडायला हवं. दुष्टपणा लगेच ओळखू येतो. हा हिशेब मात्र आपल्याच माणसांच्या तोंडून येतो आणि व्यवहारज्ञान म्हणून खपून जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. प्राण्याची किंमत दुकानातल्या गल्ल्यापाशी संपते. तो घरात आला की उरते ती जबाबदारी, आणि ती त्याच्या भावावर ठरत नाही. त्यातून त्याला जखमी करणारा प्राणीही आपणच पाळलेला असेल, तर ही जबाबदारी दुप्पट होते. कारण मोकळ्यावर तो पक्षी निदान उडून तरी गेला असता. त्याला पिंजऱ्यात आपण कोंडलं आणि शिकाऱ्याला घरभर आपणच मोकळं सोडलं.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात माझ्या ताईकडे हे घडलं. तिच्याकडे चार वर्षांचा, खाऊनपिऊन गुबगुबीत झालेला बोका आहे. भाचीच्या दहाव्या वाढदिवसाला तिच्या आजोबांनी बजरीगारची जोडी आणली. आपल्याकडे दुकानदार ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते बहुतेक वेळा हेच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, बजरीगार ऑस्ट्रेलियातले. पिंजरा गॅलरीत, बोका हॉलमध्ये आणि मधे सरकतं दार. एका दुपारी ते दार उघडं राहिलं. बोक्याने गजांतून पंजा घालून हिरव्या मादीला ओढलं आणि तिच्या पंखाखाली दात रोवले.

मी तेव्हा तिथेच मुक्कामाला होते. आम्ही चार वाजता बाहेर पडलो. पहिल्या दवाखान्यात दारातच सांगितलं, ‘आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो.’ दुसऱ्या ठिकाणी पक्ष्याला हातही न लावता, ‘हळद लावा, जगला तर जगला.’ पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडल्या, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. त्यांनी पिसं बाजूला करून दाखवलं. टाचणीने टोचल्यासारखी दोन भोकं. रक्त जवळजवळ नाहीच. ‘म्हणूनच लोक फसतात,’ त्या म्हणाल्या.

फी, इंजेक्शन, औषध आणि रिक्षा मिळून चौदाशे रुपये झाले. तिसऱ्या रात्री ती गेली. सकाळी घरातल्या मोठ्यांचा निकाल तयार होता: ‘चौदाशे रुपये पाण्यात गेले.’

लहान भोक, मोठं मरण

आधी शरीराचं बघू, कारण ‘काही लागलेलं दिसत नाही’ हा या सगळ्यातला सर्वांत महागडा गैरसमज आहे.

मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. ते खोल जातात, पण वर दिसणारी जखम लहान असते आणि ती लवकर मिटते. बहुतेक निरोगी मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. मांजराला त्यांचा त्रास नसतो. पक्ष्याच्या मांसात शिरले की मात्र ते बंद जखमेखाली वाढतात, रक्तात भिनतात आणि एक-दोन दिवसांत पक्षी संपू शकतो. म्हणून मांजर चावलेल्या पक्ष्याला त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, डॉक्टरांनी ठरवलेलं अँटिबायोटिक मिळावं लागतं. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणणाऱ्याच्या हातात सकाळी बघण्यासारखं काही उरेलच असं नाही.

बजरीगारचं वजन साधारण तीस ते चाळीस ग्रॅम. अंगातलं सगळं रक्त मिळून तीन-साडेतीन मिलीलिटर. चहाच्या चमच्यात पाच मिलीलिटर मावतं, म्हणजे त्याचं सगळं रक्त ओतूनही चमचा भरणार नाही. आपल्याला जे ‘चार थेंब’ वाटतात, ते त्याच्यासाठी किती असतील याचा अंदाज करा.

त्यात पक्षी दुखणं लपवतो. थव्यातला अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखा बसून राहतो. पिसं फुलवून, डोळे मिटून तळाशी बसला, याचा अर्थ बराच उशीर झालाय.

आणि आपले घरगुती उपाय? हळद-तेलाने पिसं चिकटतात, अंगाची ऊब जाते आणि चोचीने साफ करताना ते पोटात जातं. चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुठीत घट्ट धरलं तर जीव गुदमरतो, कारण पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड हललं तरच त्याचा श्वास चालतो. घरात उरलेल्या गोळ्या तर नकोच. अमॉक्सिसिलिनसारखं आपलं नेहमीचं औषध पोटातून दिलं तर गिनीपिग किंवा हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून तो प्राणी दगावू शकतो. एकाचं औषध दुसऱ्याला विष होतं, हे या देशाने गिधाडांच्या बाबतीत पाहिलंय. डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

घरी करायचं ते इतकंच. भोकं पाडलेला बुटांचा खोका घ्या, तळाशी मऊ कापड. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका कडेला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर पक्षी दुसऱ्या कडेला सरकेल. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापूस हलक्या हाताने काही मिनिटं दाबून धरा. अंधार, शांतता, जोडीदारापासून आणि मांजरापासून दूर. आणि लगेच फोन हातात घ्या. दवाखान्यात जाण्याआधी विचारा, ‘तुम्ही पक्षी बघता का?’

कायद्याने किंमत खोडली, आपण नाही

‘दीडशे रुपयांचा पक्षी’ या विचाराला मोठी परंपरा आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२८ प्राण्याला मारण्याबद्दल, पंगू करण्याबद्दल शिक्षा सांगायचं. अट अशी की प्राण्याची किंमत दहा रुपये किंवा त्याहून जास्त हवी. कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, म्हैस, बैल, गाय अशी यादी होती आणि त्यांची किंमत कितीही चालायची. यादीबाहेरच्या प्राण्याला मात्र पन्नास रुपयांची अट. ही दोन्ही कलमं मालमत्तेच्या नुकसानीच्या गुन्ह्यांत बसवलेली होती. वेदना कुणाला झाली हा प्रश्नच नव्हता. नुकसान कुणाचं झालं, एवढाच होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट राहिलेली नाही. कुठलाही प्राणी. हे कलम जाणूनबुजून केलेल्या इजेबद्दल आहे. बोक्याच्या चावण्याला ते लागू नाही, हे मला कळतं. पण जो भावफलक दीडशेहून जास्त वर्षांनी कायद्यानेही उतरवला, तो आपण दिवाणखान्यात टांगून ठेवलाय.

१९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तर त्याहून स्पष्ट आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या सुस्थितीसाठी आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत म्हणून सर्व वाजवी उपाय करणं, हे त्याचं कर्तव्य आहे असं कलम ३ सांगतं. त्यात प्राण्याचं वजन नाही, भाव नाही. अर्थात याच कायद्यात क्रूरतेच्या गुन्ह्यांना पहिल्या वेळी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. दोन-तीन वडापावांत मिटणारं प्रकरण. तेव्हा कायदा येऊन आपल्याला माणुसकी शिकवेल याची वाट बघू नका.

डॉक्टरांवर सगळा राग काढणंही बरोबर नाही. मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या जनावरांच्या रुग्णालयाला लोक आजही ‘बैलघोडा’ म्हणतात. आपलं पशुवैद्यक कुणासाठी उभं राहिलं ते या नावातच आहे: ओझं वाहणाऱ्या, दूध देणाऱ्या, कामाच्या जनावरांसाठी. कुत्र्या-मांजरांची पाळी नंतर आली. चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याची अजून नीट आलेलीच नाही. पण दुकानं त्या पक्ष्याला रोज विकतात आणि आपण रोज विकत घेतो. उपचाराची सोय नसलेला जीव इतक्या सहज विकला जातो, कारण तो ‘बरा करण्यापेक्षा बदलणं स्वस्त’ हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही आधीच मान्य असतं.

‘निसर्गच आहे तो’

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘मांजर शिकार करणारच. निसर्गच आहे तो.’

कुठला निसर्ग? ऑस्ट्रेलियातला पक्षी, कापडी उशीवर झोपणारा बोका आणि चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट ही मांडणी निसर्गाने केलेली नाही. ती आपण केली, हप्त्यावर घेतलेल्या सोफ्यासकट. मांजर शिकार करणार हे मान्य. पोटभर जेवलेलं मांजरही शिकार करतं, कारण झडप घालण्याची ओढ भुकेवर अवलंबून नसते. पण हे आधीपासून ठाऊक असेल, तर ती पळवाट कशी होईल? तो तर आपल्या बेफिकिरीचा पुरावा झाला. आणि जे एका श्वासात ‘निसर्ग’ म्हणतात, तेच दुसऱ्या श्वासात बोक्याला चपलेने मारतात. ताईकडेही चप्पल उचलली गेली होती. बोक्याला त्यातून एवढंच कळलं की हा माणूस कधीही मारतो.

या मांडणीला रील्सनी गोंडस करून टाकलंय. मांजराच्या डोक्यावर बसलेला बजी, खाली गोड गाणं आणि लाखभर लाइक. त्या तीस सेकंदांनंतर काय झालं, ते कुणी टाकत नाही. असं रील दिसलं तर ‘सो क्यूट’ लिहिण्याआधी पाश्चुरेला आठवा. हे दोघं मित्र नाहीत. एक दाबून धरलेला शिकारी आहे आणि दुसऱ्याला पळायला जागा नाही.

दुसरा टोमणा जास्त टोचणारा आहे: ‘इथे माणसं उपचाराविना मरतात आणि यांना पक्ष्याचं पडलंय.’ हा प्रश्न प्रामाणिक असता तर मी मान खाली घातली असती. पण ज्या वाढदिवसाला तो पक्षी आला, त्याच वाढदिवसाच्या दोन हजारांच्या केकवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गरीब रुग्णाची आठवण पक्ष्याच्या बिलावरच का व्हावी?

ज्या घरात खरंच पैसे नाहीत, तिथे माझं भांडण नाही. ‘परवडत नाही’ आणि ‘त्याची तेवढी लायकी नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं बोलणारा माणूस रात्रभर जागून बाटलीतलं पाणी गरम ठेवतो, फोन करून सल्ला विचारतो, वाचणार नसेल तर डॉक्टरांना शांतपणे झोपवून देण्याबद्दल विचारतो. हीसुद्धा शुश्रूषाच. दुसरं बोलणारा खोका गॅलरीत ठेवून जेवायला बसतो. आणि बहुतेकदा दुसरं वाक्य बोलणाऱ्याला पहिलं लागू नसतं.

पाण्यात काय गेलं?

आता त्या चौदाशे रुपयांकडे येते. उपचार यशस्वी झाला तरच तो योग्य होता, ही कसोटी आपण आजोबांच्या आयसीयूला लावतो का? ती मादी वेदनाशामक घेऊन दोन रात्री उबेत झोपली. तिच्यासाठी एवढं पुरेसं कारण होतं. आणखी कुणाला काही मिळालं पाहिजे अशी अट नाही.

पण मिळालं. भाचीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तिचं वजन करून वहीत लिहिलं: ३४, ३२, ३१. दहा वर्षांच्या मुलीला तीन आकड्यांत कळलं की ती चाललीय, आणि तरीही तिने तिसऱ्या संध्याकाळी औषधाची वेळ चुकवली नाही. त्याऐवजी दुसऱ्याच दिवशी तसाच हिरवा पक्षी त्याच पिंजऱ्यात बसवला असता, तर ती काय शिकली असती? की जीव बल्बसारखा असतो. गेला की बदलायचा.

‘आता दुसरी आणू, तो एकटा पडला’ हा आग्रह ताईकडे अजून चालू आहे. थव्यात राहणारा पक्षी एकटा पडू नये, हे खरंच आहे. पण बोका आणि पिंजरा यांच्यात आपोआप मिटणारं दार बसवल्याशिवाय नवी जोडीदारीण आणणं म्हणजे बोक्याला ताट वाढणं. दार बसवायला सातशे रुपये लागतात. ते ‘पाण्यात’ जात नाहीत, पण त्यांना मात्र अजून मुहूर्त लागलेला नाही.

म्हणून कधी पिंजऱ्यांच्या दुकानात उभे राहिलात, तर भाव विचारण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. घरातला दुसरा प्राणी याच्यापर्यंत पोचू शकतो का? माझ्या गावात याला बघणारा डॉक्टर आहे का, आणि त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे का? त्याच्या किमतीच्या दहापट खर्च आला, तर मी ‘नवा आणू’ म्हणेन का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ येत असेल, तर दीडशे रुपये खिशातच ठेवा.