‘नष्ट करा’ म्हणजे जाळा नव्हे



शेताचे धुरे पेटवायचे दिवस पुन्हा आले. या आठवड्यात बोरगाव मेघेच्या आसपास रोज संध्याकाळी धुराचे लोट दिसत आहेत. वणव्याची चर्चा निघाली की बोट मात्र मोहफुले वेचणाऱ्यांकडेच जाते. मोहाखालचा पाला पेटवल्याने आग पसरते हे खरे, पण जंगलाला लागून वावर असलेल्या जमीनमालकाला कोणी काही शिकवले आहे काय?

वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. शेतकऱ्याचे वावर साफ करायचे दिवसही तेच! याच चार महिन्यांत कापसाची पऱ्हाटी उपटली जाते, तुराट्यांचे ढीग लागतात, धुऱ्यावरचे गवत वाळून कोळ होते. बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा अवघा १३८ चौरस किलोमीटरचा. त्याच्या काठावर दुपारच्या वाऱ्यात काडी ओढली तर आग कुठवर जाईल?

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. तेव्हापासून शेतकऱ्याला एकच सांगणे आहे: फरदड घेऊ नका, पऱ्हाटी नष्ट करा. सल्ला योग्यच, पण ‘नष्ट करा’चा अर्थ शेतकऱ्याने ‘जाळा’ असा घेतला. श्रेडरने बारीक करून तीच पऱ्हाटी जमिनीत जिरवता येते, कंपोस्ट करता येते, तिच्यापासून कांडी-इंधनही होते. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्डही बनवून दाखवले. हे बांधापर्यंत पोहोचत नाही, कारण श्रेडरचे भाडे काडेपेटीपेक्षा महाग पडते. ते भाडे गावात परवडेल अशी सोय आधी व्हावी.

शिकवायचे ते फार अवघडही नाही. धुऱ्यावरचे गवत हिरवे असतानाच कापून जनावरांना घालावे. कुटाराचा ढीग, कडब्याची गंजी विजेच्या तारांखाली किंवा कोठ्याला लागून रचू नये, तिच्याभोवती नांगराचे चार तास मारून जागा मोकळी ठेवावी. ठिबकच्या नळ्या गुंडाळून धुऱ्यापासून लांब न्याव्यात. धुऱ्यावरची आग पहिल्यांदा त्यांनाच गिळते. आणि १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणे हाही गुन्हा आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. तेही फेब्रुवारीत फलक लावून नव्हे, डिसेंबरात, पऱ्हाटी उभी असताना.

नियम फक्त शेतकऱ्याला कशाला? बोरगाव मेघेतल्या लेआऊटमध्ये भूखंड घेऊन ठेवणारेही जमीनमालकच. मालक नागपूर-पुण्याला, इकडे भूखंडावर कमरेएवढे गाजरगवत. मार्चमध्ये ते वाळते, कोणीतरी कचऱ्यासोबत पेटवून देते, आणि शेजारच्या घरातली बाई बादल्या घेऊन धावते. अशा मालकांना ग्रामपंचायतीने होळीपूर्वी नोटीस द्यावी. गवत काढले नाही तर स्वतः काढून खर्च कराच्या पावतीत लावावा.

— एक वाचक, बोरगाव मेघे, जि. वर्धा