पीएनआर एक की दोन?

निर्ण्याहून परदेशी निघायचे म्हणजे आधी जहीराबादमार्गे हैदराबाद गाठायचे. विमानतळ 23 मार्च 2008 रोजी बेगमपेठहून शमशाबादला गेले, तरी आमच्याकडची वडीलधारी मंडळी अजून ‘बेगमपेठला सोडून येतो’ म्हणतात.

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाली. स्वस्त पडते म्हणून एजंटाने दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढली होती. आखातात उतरून दुसरे विमान धरायचे. पहिलेच चार तास उशिरा सुटले. दुसरी कंपनी म्हणाली, “तुम्ही वेळेवर आला नाहीत, तिकीट गेले.” पहिली म्हणाली, “आम्ही इथवर आणले, आमचे काम संपले.” कागदोपत्री दोघीही बरोबर! सामान घ्यायला बाहेर जावे तर त्या देशाचा व्हिसा हवा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या त्याच बॅगेत. बिचारीने रात्र खुर्चीत बसून काढली. जावयाने नवे तिकीट काढले. मावशी पोचली तेव्हा नात दोन दिवसांची होती.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असता तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीला भाग पडते. भारताने 2009 साली स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते. पण भरपाई मागाहून. त्या रात्रीच्या गोळीचे काय?

रेल्वेमुळे पीएनआर आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा एजंटाच्या हाती पैसे ठेवण्याआधी विचारा, पीएनआर एक की दोन? आणि गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, चिठ्ठीसकट.