दिनारांचे बंडल

पालकसभा संपली, वर्ग रिकामा झाला, तरी एक गृहस्थ मागच्या बाकावर बसून राहिले. आम्ही जवळ गेलो, तेव्हा त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले बंडल काढले. इराकच्या २५,००० दिनारांच्या ४० नोटा!

"सर, तुम्हाला अरबी अक्षरं वाचता येतात. बघा बरं, नोटा खऱ्या आहेत ना?"

अक्षरे आम्ही वाचून दाखवली. खरेखोटे ठरवणे आमचे काम नव्हे. पण नोटा कुठून आणल्या, हे विचारल्यावर सगळी हकीगत बाहेर आली. ओळखीच्या एका माणसाने एकेक नोट ३,५०० रुपयांना दिली होती. एकूण १,४०,००० रुपये. मुलीच्या फार्मसी प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. विकणाऱ्याने सांगितले होते, "इराककडे तेल आहे. आज ना उद्या त्याचा दिनार कुवेतच्या दिनाराइतका होईल. मग तुमच्या दहा लाख दिनारांचे कोट्यवधी रुपये होतील."

आम्ही फळ्यावरच हिशेब मांडला. इराकमध्ये सरकारी दराने एका डॉलरला सुमारे १,३०० दिनार मिळतात. म्हणजे २५,००० च्या नोटेचे १९ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण १,६०० रुपये. चाळीस नोटांचे झाले ६५ हजार. म्हणजे घेतल्या दिवशीच निम्म्याहून जास्त रक्कम गेली होती! आणि ६५ हजार तरी देणार कोण? आपल्या गावातल्या मनी चेंजरच्या फलकावर डॉलर, रियाल, दिरहम असतात; इराकी दिनार सहसा नसतो. घेताना दहा विकणारे भेटतात, विकताना एकही घेणारा भेटत नाही.

आता कुवेतची गोष्ट. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांनी १९९० चा तो ऑगस्ट पाहिला आहे. कुवेतमधून सुमारे १,७०,००० भारतीयांना परत आणावे लागले. कुवेती दिनाराला तेव्हा कोणी विचारत नव्हते. १९९१ मध्ये देश मोकळा झाला, दिनार जुन्या दरावर आला. पण मार्च १९९१ मध्ये नव्या नोटा काढताना बँकेतून लुटून नेलेल्या नोटांच्या मालिका कुवेतने रद्द केल्या होत्या. त्या ज्यांच्याकडे राहिल्या, त्यांच्या हाती कागद राहिला.

इराकचे तसे नाही. तिथेही १९९० पूर्वी सरकारी दराने एका दिनाराला तीन डॉलरहून अधिक मिळत, हे खरे. पुढे निर्बंध आले, सरकारने नोटा छापून खर्च भागवला आणि दिनार मातीमोल झाला. सद्दाम हुसेन यांची सत्ता गेल्यावर ऑक्टोबर २००३ पासून नव्या नोटा आल्या. २००४ मध्ये डॉलरला सुमारे १,४५० दिनार होते. आज १,३००. वीस वर्षांत एवढाच फरक! मधे डिसेंबर २०२० मध्ये इराकच्या मध्यवर्ती बँकेने दर १,१९० च्या आसपासून थेट १,४५० वर नेला. ज्यांच्याकडे दिनार होते त्यांची जवळपास पाचव्या हिश्श्याची किंमत एका निर्णयाने उडाली.

इराकमध्ये चलनात सुमारे १०० लाख कोटी दिनार आहेत. उद्या एका दिनाराचे तीन डॉलर झाले, तर त्यांची किंमत ३०० लाख कोटी डॉलर होईल. सगळ्या जगाचे वर्षाचे उत्पन्नही इतके नाही. कोणता देश हे फेडणार?

"पण सर, नोटांवरचे शून्य काढणार आहेत म्हणे." शून्य काढता येतात. तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ ला सहा शून्ये काढली. जुन्या दहा लाख लिऱ्यांचा नवा एक लिरा झाला. पावाचा भावही त्याच हिशेबाने उतरला. श्रीमंत कोणीच झाले नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १९९९ च्या फेमा कायद्याप्रमाणे परकीय चलनाची खरेदी-विक्री परवानाधारक बँक किंवा मनी चेंजरशीच करता येते. परदेशातून परतल्यावर उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या मर्यादेपर्यंत ठेवता येतात. पण गल्लीतल्या माणसाकडून बंडल घेणे हे या कायद्याचे उल्लंघन ठरते. म्हणून फसवला गेलेला माणूस तक्रार करायलाही कचरतो. मोबाईलवर ‘फॉरेक्समध्ये रोज नफा’ म्हणणाऱ्यांचेही तेच. विनापरवाना मंचांची सावधगिरीची यादी रिझर्व्ह बँक २०२२ पासून प्रसिद्ध करते. पैसे भरण्याआधी ती पाहावी. यादीत नाव नाही म्हणजे परवाना आहे, असे मात्र समजू नये.

त्या गृहस्थांनी शेवटी विचारले, "पण हातोहात व्यवहार झाला, व्याज नाही, मग हे जायज नाही का?" चलन बदलण्याला फिकहमध्ये ‘सर्फ’ म्हणतात. दोन वेगळ्या चलनांचा भाव कमी-जास्त चालतो, देणे-घेणे त्याच बैठकीत पूर्ण व्हावे लागते. पण १,६०० ची वस्तू खोटी आशा दाखवून ३,५०० ला विकली, तर हातोहात दिल्याने ती फसवणूक हलाल होत नाही. आणि घेणाऱ्यानेही स्वतःला विचारावे, आपण व्यापार करतोय की नशीब आजमावतोय?

हज-उमराहसाठी रियाल लागतात, मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी डॉलर लागतात. ते बँकेतून घ्यावेत, पावती जपावी. ती गरज आहे. दर वाढेल म्हणून घरची अमानत नोटांत घालणे ही गरज नव्हे.

आम्ही विचारले, "भाभींना माहीत आहे?" त्यांनी मान खाली घातली. त्या रात्री त्यांनी घरी सांगितले. विकणारा आता फोन उचलत नाही. मुलीच्या प्रवेशाचा पहिला हप्ता तिच्या मामूंनी भरला. कर्जे-हसना म्हणून, लिहून घेऊन. बंडल कपाटात आहे.

जमातीतल्या आणखी चौघांनी अशाच नोटा घेतल्या आहेत, असे ते म्हणाले. त्यांतला एखादा हे वाचत असेल, तर भाई, आणखी नोटा घेऊ नका आणि आज जेवायला बसाल तेव्हा घरात सांगा.