‘बॉयकॉट’ या क्रियापदाचा दुरुपयोग

परवां बेलापुरांत एका पदवीधर गृहस्थांशीं बोलण्याचा प्रसंग आला. त्यांच्या नात्यांतील एका मुलीनें जातीबाहेर विवाह केला, तेव्हां “आम्हीं त्या घराला बॉयकॉट केलें,” असें त्यांनीं मोठ्या ऐटींत सांगितलें. ‘वाळींत टाकलें’ म्हणतांना त्यांची जीभ अडखळली असती. इंग्रजी क्रियापदानें ती अडचण दूर केली. आमचा आक्षेप आहे तो याच सोयीवर.

हें क्रियापद १८८० सालचें. आयर्लंडांतील मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभार कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत असे. खंडांत सूट मागणाऱ्या कुळांस हुसकून लावण्याच्या नोटिसा त्यानें काढल्या. मजुरांनीं त्याचें पीक काढण्याचें नाकारलें, दुकानदारांनीं जिन्नस देण्याचें. अखेर अल्स्टरहून ५० माणसें आणून, लष्कर व पोलिसांच्या पहाऱ्यांत पीक काढावें लागलें, आणि साहेबानें मुलूख सोडला. त्याच्या आडनांवाचें क्रियापद झालें. हें नांव बहिष्कार घालणाऱ्याचें नव्हे, ज्याच्यावर तो पडला त्याचें, हें ध्यानांत ठेवावें.

शब्द तिकडचा असला तरी कृति आपणांस अनोळखी नव्हती. त्याआधीं सहा वर्षें, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवच्या रयतेनें सावकारांचीं शेतें कसण्याचें व त्यांची चाकरी करण्याचें नाकारलें होतें. पुढें मे १८७५ मध्यें सुप्यास दंगा उसळून त्याची झळ आमच्या नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पोहोंचली. खतें जाळणें हा दंगा खरा. परंतु आधींचा तो नकार निराळा होता.

कोणी म्हणेल, आयर्लंडांतही धाकदपटशा झाला, आणि कोशांत दोन्ही अर्थ सांपडतात. कबूल. पण बळ कोणाकडे होतें? कायदा आणि शिपाई कॅप्टनाच्या पाठीशीं होते. कुळांपाशीं स्वतःचे हात आंखडून घेण्यापलीकडे फारसें कांहीं नव्हतें. आमच्या गृहस्थांच्या बाजूस सारी जात, आणि समोर एकटें घर! दोहोंस एकच क्रियापद कसें शोभावें?

घोटाळ्याचें मूळ आपल्या प्रतिशब्दांतही आहे. ‘बहिष्कार’ म्हणजे बाहेर करणें. १९०५ च्या स्वदेशी चळवळींत हा शब्द विलायती मालास लागला, आणि त्यास तेज चढलें. कापड घराबाहेर काढलें तर कापडास दुःख होत नाहीं, माणसास होतें. तें दुःख ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या भोगलें त्यांच्या वतीनें डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं पत्र काढलें, त्याचें नांवच ‘बहिष्कृत भारत’.

म्हणून आमचा नियम साधा आहे. स्वतःचा व्यवहार थांबविणें, तोही आपल्याहून बलवानाशीं, हा बॉयकॉट. दुर्बळाशीं इतरांनींही व्यवहार करूं नये असा हुकूम सोडणें, हें वाळींत टाकणें. महाराष्ट्रांत २०१७ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. न्यायाधीश नांव विचारणार नाहींत, कृत्य पाहतील. मग सुशिक्षितांनीं तरी आपल्या कृत्यास त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारावी. तें नांव उच्चारतांना लाज वाटली, तर ती शुभ समजावी, आणि त्या मुलीच्या घरीं जाऊन यावें.