लिनक्स रिअल-टाइम झालं, पण कोअर शांत झाला का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये लिनक्स ६.१२ आलं आणि रिअल-टाइमची सोय मूळ कर्नलमध्येच मिळू लागली. त्याआधी जवळपास २० वर्षं वेगळा पॅच लावावा लागायचा. बातमी मोठीच, पण माझ्या मते अर्धं काम अजून आपल्यावरच आहे.

समजा, रोबोटच्या हाताला दर १ मिलिसेकंदाला आज्ञा द्यायची आहे. त्यासाठी एक कोअर राखून ठेवला, तरी कर्नलची स्वतःची कामं तिथे डोकावतातच. सरासरी वेग छान दिसतो, पण एकच उशीर घात करतो.

मग काय करायचं? ‘आयसोलसीपीयूज’ने इतर प्रोग्रॅम दूर ठेवायचे. ‘नोहर्ट्झ-फुल’ने टायमरची टिकटिक जवळपास थांबवायची. ‘आरसीयू-नोसीबीज’ने मेमरी मोकळी करण्यासारखी कामं दुसऱ्या कोअरवर ढकलायची. इंटरप्टही तिकडेच वळवायचे. काही थ्रेड मात्र त्या कोअरलाच बांधलेले असतात, ते हलत नाहीत. त्यांच्या वाट्याला काम येणार नाही, एवढंच बघता येतं.

शेवटी ‘सायक्लिकटेस्ट’ तासन्‌तास चालवा आणि सरासरी नको, सर्वांत वाईट आकडा बघा. फोनवर व्हिडिओ अडखळला तर आपण सोडून देतो. रोबोटला ती मुभा नाही.