धावताना खांदा दुखतो, त्याला ‘सहन कर’ हे उत्तर नाही

पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी वस्तीतली मुले-मुली पहाटे पाचला मैदान गाठतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी ३५ गुण नुसत्या धावण्याचे. घरातली पहिली सरकारी नोकरी त्या गुणांवर टेकलेली असते.

पाय दुखले की घरात तेल निघते, मालीश होते. पण नव्याने धावू लागलेली बरीच मुले आमच्याकडे वेगळीच तक्रार घेऊन येतात. मान आखडते, खांदे भरून येतात, पाठीचा वरचा भाग जळजळतो, बरगडीखाली चमक निघते. “धावतो पायाने, मग खांदा का दुखतो?” असे ती विचारतात. मैदानावर त्यांना उत्तर मिळालेले असते, “सहन कर, सवय होईल.” आमच्या मते हे उत्तर चुकीचे आहे, आणि काही वेळा जिवावर बेतणारे आहे.

आधी साधे कारण पाहू. नवा माणूस झेपेल त्याहून जोरात पळतो. दम लागला की श्वास ओढायला छातीबरोबर मानेचे स्नायूही राबू लागतात. खांदे कानाकडे चढतात, मुठी आवळल्या जातात, नजर पायांकडे जाते. वीस मिनिटे खांदे असे वर धरून नुसते उभे राहून बघा, तेवढ्यानेही ते दुखतील. एका हातात मोबाइल घट्ट धरला असेल तर त्या बाजूचा खांदा जास्त दुखतो.

उपायाला पैसा लागत नाही. पहिले काही आठवडे, धावताना सोबत्याशी एखादे वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. दम तुटला की चाला, मग पुन्हा पळा. मुठी सैल ठेवा. कोपर काटकोनात ठेवून हात पुढे-मागे हलू द्या, छातीसमोर आडवे नेऊ नका. नजर पंधरा-वीस फूट पुढे ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी हात खाली सोडून झटका आणि खांदे मुद्दाम खाली आणा. कुशीत चमक निघाली तर वेग कमी करा, किंचित पुढे वाका, खोल श्वास घ्या. ही चमक कधीकधी खांद्याच्या टोकालाही जाणवते. धावण्याआधी दोन तास भरपेट जेवू नका आणि एकदम तांब्याभर पाणी पिऊ नका. आठवड्यातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून जोर मारले तर खांदे आणि पाठ बळकट होतात. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. गोळाफेकीचा जोरदार सराव आणि लांब धावणे एकाच दिवशी करू नका, खांद्याला विसावा मिळू द्या.

आता एक गोष्ट मैदानाबाहेरची. आपल्या मुलांचे खांदे धावण्याआधीच थकलेले असतात. कोणी दिवसभर पाठीवर डिलिव्हरीची बॅग वाहतो, कोणी हमाली करतो, मुली नळावरून हंडे आणतात, शिलाई मशीनवर वाकून बसतात. अशा मुलाला दुखले म्हणजे तो कच्चा आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. घरातले ओझे थोडे वाटून घेतले, रात्री झोप पुरी मिळू दिली, तर तीही भरतीची तयारीच आहे.

मुलींचे आणखी एक दुखणे आहे आणि त्यावर घरात कोणी बोलत नाही. स्तनाला स्वतःचा स्नायू नसतो. त्वचा आणि आतले नाजूक बंध एवढाच त्याचा आधार. धावताना तो वर-खाली, आजूबाजूला हलतो आणि दुखतो. त्यात मैदानावरच्या नजरा. मग मुलगी खांदे पुढे घेऊन, पाठीला पोक काढून पळते, त्यामुळे मान आणि पाठ धरते. शेवटी “मला जमत नाही” म्हणून ती सोडून देते. तिला जमत नव्हते असे नाही, तिला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा मिळाली नव्हती. पट्टे रुंद असावेत, खालचा पट्टा घट्ट बसावा पण दोन बोटे जातील इतका, आणि खोल श्वास घेता यावा. मुलाच्या बुटांसाठी आपण पैसे बाजूला काढतो, तसे मुलीच्या ब्रासाठीही काढावेत. यात लाजण्यासारखे काही नाही, आयांनी हे स्वतःहून विचारावे.

दुखणे दाबून पळण्यासाठी पेनकिलरची गोळी किंवा इंजेक्शन घेण्याची पद्धत मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. रिकाम्या पोटी, घाम गाळत असताना अशी औषधे घेतली तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय शरीराने दिलेली सूचना ऐकूच येत नाही.

ती सूचना ऐकणे का गरजेचे आहे? कारण वरच्या अंगाचे प्रत्येक दुखणे स्नायूचे नसते. धावताना छातीवर दाब येतो आणि थांबल्यावर कमी होतो, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, घाम फुटतो, चक्कर येते, छातीत धडधडते, तर त्याला गॅस समजू नका. धावणे बंद करा आणि डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. विश्रांतीनेही त्रास थांबत नसेल किंवा माणूस बेशुद्ध पडला तर लगेच १०८ ला फोन करा. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर सराव सुरू करण्याआधीच तपासणी करून घ्या. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल, तरीही दाखवा.

विदर्भातल्या आपल्या घरांनी सिकलसेल विसरता कामा नये. तो आपल्या समाजातही आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला छाती, पाठ, हातपाय यांत असह्य कळा येतात. अंगातले पाणी कमी झाले की त्या वाढतात. हे धावण्याचे दुखणे समजून तेल चोळत बसू नका. एसएस म्हणजे रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव नको. एएस म्हणजे वाहक असेल तर एरवी त्रास नसतो, पण कडक उन्हात, पाण्याविना, ऊर फुटेस्तोवर पळणे त्याच्याही जिवाला धोका आहे. त्याने वेग हळूहळू वाढवावा, पाणी पीत राहावे.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या सराव गटाला आमचे सांगणे आहे. सुरुवातीलाच सरकारी दवाखान्यात सगळ्यांचे हिमोग्लोबिन तपासा, विदर्भात सिकलसेलही. मुलींशी मोकळेपणी बोलेल अशी एक बाई गटात असू द्या. आणि आई-वडिलांनो, आज मुलगा किंवा मुलगी मैदानावरून घरी आली की किती मिनिटांत धावलास, हे नंतर विचारा. कुठे दुखते आहे का, ते आधी विचारा.